ब्रेक होते का?

मुकुंदवाडी, ११ मे २०२५

प्रिय वहिनी,
जयभीम.

तुझा नंबर बंद आहे, म्हणून शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटावर मुद्दाम फक्त 'मोनिका' लिहिलंय. आमचं आडनाव बघितलं असतंस तर न उघडताच फाडलं असतंस. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

दादासाठी काही मागायला लिहीत नाही. तुमच्या दोघांच्या मधे मी पडणार नाही, मला तोंडच नाही. त्यानं रेडिओवर तुमच्या गेलेल्या बाळाची गोष्ट काढली, आणि फोनवर रडणाऱ्या बाईला म्हणला, "आमच्या घरीबी लेकरू गेलं, आम्ही काय रेडिओवर रडत बसलो का?" तेव्हा स्टुडिओच्या काचेच्या अलीकडं मीच बसले होते. तू ते रिक्षात ऐकलंस आणि रिक्षा तशीच बसस्टँडकडं वळवलीस. माझ्या डोक्यातून ते जात नाही, तुझ्या कुठून जाईल.

त्याचा कार्यक्रम चालूच आहे. 'थेट तोंडावर', रोज सकाळी. औरंगपुऱ्यातली तीच इमारत, तोच तिसरा मजला, लिफ्ट अजून बंद. लोक फोन करतात, अभयदादा त्यांना झोडतो, आणि झोडून घेतलेलेच दुसऱ्या दिवशी परत फोन करतात. मी फोन घेते, नाव विचारते, त्याच्याकडं ढकलते.

लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्या गल्लीतली पारूबाई गेली. तुला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा रोज डोक्याला तेल लावायला यायची, तीच. नळाला पाणी नाही म्हणून कडुबाचा टँकर आला होता. तू असतानाही त्याचेच टँकर यायचे, आता शहराच्या ह्या अंगाला त्याच्याशिवाय कोणाचा टँकर शिरूच शकत नाही. पारूबाई मागं उभं राहून पाइप धरत होती. गाडी चढावरून मागं सरकली. ती आणि भिंत यांच्यात पारूबाई सापडली. तिचा आवाजसुद्धा निघाला नाही, बाकीच्या बाया ओरडल्या. गाडी पुढं घेतली तेव्हा ती भिंतीला टेकून उभीच राहिली थोडा वेळ, मग बसली. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आईच्या लुगड्याचं रक्त निघालं नाही, तिनं ते जाळून टाकलं.

डायव्हर गोकुळ म्हणून आहे, तरणाच आहे. तो पळाला. पोलिसांत अपघात म्हणून नोंद झाली, तो जामिनावर सुटला, आणि आठवडाही झाला नसेल, तोच टँकर घेऊन तोच गोकुळ परत गल्लीत आला. बायांनी खाली मान घालून पाणी भरलं. पारूबाईच्या नवऱ्यानं, फकिरानंसुद्धा भरलं. न भरून काय करणार, घरी पोरं आहेत.

काल फकिराचा फोन कार्यक्रमात लागला. तो वाळूजला कंपनीत आहे, कामावर गेलाच नव्हता. दादाशी त्याचं जे बोलणं झालं ते सगळ्या शहरानं ऐकलं, तू उदगीरला, म्हणून तुला लिहिते.

तो म्हणला, "साहेब, बायको गेली माझी. तोच टँकर परत आला."

दादानं विचारलं, "मग तू काय केलं? पाणी भरलं?"

तो म्हणला, "भरलं."

"बायको ज्या गाडीखाली गेली तिचंच पाणी भरलं, आणि आता इथं येऊन रडतो? तुझ्यापेक्षा ती गाडी बरी रे. ती काहीतरी करून तर गेली."

"मी काय करू साहेब?"

"पाण्याच्या गाडीला आग लागते का रे, फकिरा? बघ एकदा लावून. लागली तर मला सांग." आणि दादानं मला हातानं गाणं लाव म्हणून खूण केली. मी लावलं.

गाणं वाजत होतं तेव्हा तो चहा पीत होता, वहिनी. हसत होता.

तुझी
मोनिका


मुकुंदवाडी, १४ मे

प्रिय वहिनी,

पहिलं पत्र पोचलं की नाही माहीत नाही, तरी दुसरं लिहिते.

फकिरानं आग लावली.

मी रेडिओ स्टेशनवरून परत येत होते. रेल्वे फाटकाजवळ आले तर गल्लीच्या तोंडाशी काळा धूर. वाटलं कोणाचा गॅस उडाला. आत गेले तर टँकरची केबिन पेटलेली. फकिरा रस्त्याच्या मधोमध बसलेला, शेजारी पेट्रोलची रिकामी कॅन. पळाला नाही, कोणी धरलंही नाही.

टँकर पाण्यानं भरलेला होता. पुढं आग आणि मागं पाणी. बायांनी मागचा व्हॉल्व्ह उघडला आणि घागरी, बादल्या, तपेलं, हाताला लागेल त्यानं पाणी मारायला लागल्या. गडी निम्मे मोबाइल धरून उभे. आणि तेव्हा केबिनचं अडकलेलं दार आतून उघडलं.

गोकुळ आत झोपला होता. उन्हाचं पडला असेल घटकाभर. तो बाहेर आला तो पेटलेलाच. शर्ट अंगाला चिकटलेला, दोन्ही हात पुढं धरलेले, आणि हातांना ज्वाळा. तो ओरडत नव्हता. दोन-चार पावलं आला आणि आपल्या दारासमोर पडला. आईनं आतून वाकळ आणली, भिजवायलाही थांबली नाही, त्याच्यावर टाकली आणि स्वतः वर पडली. आईचं वय काय, तिचे गुडघे कसे, तुला माहीत आहे. तिच्या कोपरापासून खाली भाजलंय. वाकळ उचलली तेव्हा त्याच्या हाताची कातडी वाकळेबरोबर आली.

सरकारी दवाखान्यात नेला. जिवंत आहे. त्याच्यामागं एकटी आई आहे, भामाबाई. ती वॉर्डाच्या दारात बसलेली असते.

पोलीस फकिराला घेऊन गेले तेव्हा त्यानं एकच विचारलं, पोरांना कोण बघणार. आई म्हणली, मी.

संध्याकाळी दादा आला. त्याला फोनवर कळलं होतं. आई हाताला पट्टी बांधून ओट्यावर बसली होती. तिनं त्याला पायरीवरच थांबवलं. म्हणली, "अभय, तू आत यायचं नाय." तो म्हणला, आई, मी मस्करीत बोललो, रोजच बोलतो. आई म्हणली, "मला माहितंय तू रोज बोलतो. म्हणूनच."

आईचा आवाज तू कधी चढलेला ऐकलास का? तेव्हाही चढला नाही. दादा गाडी काढून गेला. स्टेशनवरच झोपतो आता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, फकिराचा फोन लागला. फोन आपोआप लागत नसतो. मी लावला. त्याचा आवाज ऐकून मला कळलं होतं की हा माणूस आत्ता बोलायच्या अवस्थेत नाही. पण दादा सकाळपासून कुरकुरत होता, आज सगळे मेल्यासारखे बोलतायत, जरा जिवंत कोणीतरी दे. मी जिवंत दिला.

मोनिका


मुकुंदवाडी, १७ मे

वहिनी,

अभयदादा दवाखान्यात आहे. जिवाला धोका नाही असं म्हणतात. तुला टीव्हीवरून, मोबाइलवरून काही कळायच्या आत माझ्याकडून कळावं म्हणून घाईनं लिहिते.

आगीनंतर दोन दिवस त्यानं कार्यक्रमात त्या विषयाला हात लावला नव्हता. मला वाटलं हादरला असेल. पण काल सकाळी कडुबाचाच फोन आला. मी दादाला विचारलं, घेऊ का. तो म्हणला, लाव.

कडुबा म्हणला, माझी गाडी तू जाळायला लावली, माझा माणूस तू जाळला, आता तुला मी बघतो. दादाला तेच पाहिजे होतं. दोन दिवस दाबून ठेवलेला माणूस तो, सुटलाच. म्हणला, "बघायचं तर वर ये. तिसरा मजला. लिफ्ट बंद आहे, पोट सांभाळून ये, मधेच बसशील."

लोकांचे हसण्याचे मेसेज धडाधड यायला लागले. मी काचेतून हात जोडले त्याला. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

कडुबा खरंच आला. कार्यक्रम संपायच्या आतच आला, बरोबर चौघं. खालचा वॉचमन मधे आला त्याला जिन्यावरून ढकलून दिलं, त्याचं मनगट मोडलं. मी बाहेरच्या दाराला कडी घातली. एका लाथेत कडी निघाली. दोघं दादाच्या खोलीत घुसले, कडुबा त्यांच्यामागं. एकजण माझ्याजवळ थांबला, माझी वेणी मुठीत धरली आणि म्हणला, "क्या देखती, बंद कर वो." चौथा जिन्यात उभा होता.

वहिनी, तुला आठवत असेल, दाराच्या वर एक लाल दिवा आहे. आवाज बाहेर जात असला की तो लागतो. माझा हात टेबलाखाली होता, तिथंच त्या दिव्याची वायर आहे. ती मी ओढली. दिवा गेला. मी म्हणलं, बंद झालं. त्यानं दिव्याकडं बघितलं आणि वेणी सोडली नाही पण गप्प झाला. माइक चालू होता. पुढचं सगळं शहरानं ऐकलं. रिक्षात ऐकलं, दुकानात ऐकलं, बजाजनगरला कंपनीच्या गेटवर लोक उभं राहून ऐकत होते म्हणे.

कडुबाच्या हातात टँकरचा व्हॉल्व्ह खोलायचा पाना होता. पहिला घाव त्यानं टेबलावर घातला, दुसरा दादाच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज माझ्या कानातल्या हेडफोनमधून मला दोनदा आल्यासारखा वाटला. दादा खुर्चीवरून पडला. दोघांनी उचलून परत बसवला. कडुबा म्हणला, "बोल आता. लई बोलतो ना? बोल."

आणि दादा बोलला. मला वाटलं माफी मागेल. तो म्हणला, "कडुबा, त्या गाडीला ब्रेक होते का?"

त्याला हे कुठून कळलं होतं मला माहीत नाही. कदाचित कळलं नव्हतं, नुसताच दगड मारला असेल अंधारात. तो असाच कार्यक्रम करतो. कडुबानं त्याच्या तोंडावर बुक्की मारली. दादा थुंकला, काचेवर रक्त उडालं. परत म्हणला, "ब्रेक होते का? लोकांना सांग." परत मारलं. तो परत तेच विचारायचा, प्रत्येक वेळी शब्द कमी कळायचे. कडुबा पिसाळला. मारता मारता धापा टाकत म्हणला, "नव्हते. नव्हते ब्रेक. काय करतो तू? त्या गोकुळ्यानं मला येऊन सांगितलं व्हतं, मालक, ब्रेक लागत नाय. मी म्हणलं चालवायची तर चालव, नाय तर घरी बस. आता करतो काय?" आणि पाना दादाच्या जबड्यावर घातला.

त्यानंतर दादा बोलला नाही. नुसता घशातून आवाज यायला लागला, आणि मी ते चालूच ठेवलं. मला बंद करता आलं असतं. वायर माझ्याच हातात होती, बटण माझ्याच समोर होतं. माझा सख्खा भाऊ मार खात होता आणि मी त्याचा आवाज शहराला ऐकवत होते. का, ते मला आता नीट सांगता येणार नाही. तो बंद कर म्हणला असता तर मी केलं असतं, असं मी स्वतःला सांगते.

खाली लोक जमले. औरंगपुऱ्यातले दुकानदार, रिक्षावाले, ऐकून ऐकून आलेले. जिन्यातल्या माणसाला त्यांनी आधी धरला. मग वर आले आणि कडुबाच्या माणसांना इतकं मारलं की पोलीस आले तेव्हा त्यांना वाचवायला आले का धरायला ते कळेना. एकाचा कान लोंबत होता. कडुबाला टेबलाखालून ओढून काढला.

दादाचा जबडा तीन ठिकाणी मोडला आहे, डावा हात, बरगड्या. जबडा तारेनं बांधलाय. महिना-दीड महिना बोलता येणार नाही. शुद्धीवर आला तेव्हा त्यानं मोबाइलवर लिहून मला दाखवलं. मला वाटलं तुझं नाव असेल. लिहिलं होतं, 'आवाज नीट गेला का?'

आई त्याला बघायला आली नाही. ती गोकुळच्या वॉर्डात भामाबाईजवळ होती. एकाच दवाखान्यात, एक मजला वर.

मोनिका


मुकुंदवाडी, ८ जून

प्रिय वहिनी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'वाचते आहे. येणार नाही.' एवढंच असलं तरी मी ते उशाखाली ठेवलंय.

गोकुळ गेला. तीन आठवडे तडफडला. आधी बोटं काढली, मग एक हात, मग विष सगळ्या अंगात पसरलं. आई रोज जायची. भामाबाईला ब्रेकचं कळलं होतं, सगळ्या शहराला कळलं होतं की गोकुळनं मालकाला सांगितलं होतं. त्याच्या नावाला लागलेला डाग निघाला, पण तो राहिला नाही. पारूबाईचा खुनी ठरून जळाला, आणि तो खुनी नव्हता. कडुबा आत आहे. फकिराही आत आहे, आता खुनाच्या कलमाखाली.

आणि अभयदादा हिरो आहे. तुला खोटं वाटेल, चौकाचौकात त्याचे फलक लागलेत. जबड्याला पट्टी बांधलेला फोटो, खाली 'सत्याचा आवाज'. मुकुंदवाडीच्या पोरांनी मिरवणूक काढायची ठरवली होती, आईनं दारात जाऊन थांबवली. स्टेशनच्या मालकाला हा माणूस आता सोन्याचा झालाय. मालकाचा वकील दवाखान्यात येऊन गेला, दादाला सांगून गेला की आगीबद्दल काही बोलायचं नाही. ती मस्करी होती, कार्यक्रमाचा भाग होता, ऐकणाऱ्यानं काय करावं ते आपल्या हातात नाही. पोलीस विचारतील तर एवढंच सांगायचं.

दादानं मान हलवली. मला वाटलं संपलं, हा ऐकणार.

पण दवाखान्यातून सोडल्यावर तो पहिला गेला कुठं तर भामाबाईकडं. मी बरोबर होते, मोडक्या हातानं त्याला गाडी चालवता येत नाही. गोकुळचा तिसरा दिवस होऊन गेला होता. दहा-बारा माणसं बसलेली. लोक उठले, कोणी खुर्ची दिली, एकजण त्याच्याबरोबर फोटो काढायला मोबाइल काढत होता. दादा खुर्चीवर बसला नाही. भामाबाईच्या समोर जमिनीवर बसला आणि मोबाइलवर लिहून मला दिलं, वाच म्हणून खूण केली.

मी वाचलं. "फकिराला आग लावायला मी सांगितलं."

तिला ते माहीत नव्हतं, वहिनी. तिच्याकडं रेडिओ नाही. शेजाऱ्यांनी ब्रेकचं सांगितलं होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. ती उठली, बाजूची चप्पल घेतली आणि मारायला लागली. तोंडावर, जिथं तार आहे तिथंच. म्हातारी किती जोरात मारेल, पण मोडलेल्या जबड्यावर किती जोर लागतो. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पट्टी लाल झाली. लोक धरायला गेले तर त्यानं चांगला हात वर करून त्यांना थांबवलं. ती थकेपर्यंत मारत होती. मग चप्पल टाकून भिंतीकडं तोंड करून बसली. शेवटी ती भिंतीकडंच बघत म्हणली, "हे माझ्या दारात कशाला सांगतो? कोर्टात सांग."

येताना त्याला परत दवाखान्यात न्यावं लागलं. तार बदलली.

मोनिका


मुकुंदवाडी, २३ जुलै

प्रिय वहिनी,

आज फकिराच्या जामिनाची तारीख होती. दादानं फकिराच्या वकिलाला स्वतः जाऊन सांगितलं होतं की मला उभं करा. स्टेशनच्या मालकानं त्याला आधीच काढून टाकलंय. मलाही. वकील त्याला म्हणला, तुमच्यावरही गुन्हा लागेल. दादा म्हणला, लागू दे. आता बोलतो तो, पण शब्द नीट बाहेर येत नाहीत, तोंडात भात असल्यासारखे येतात.

आई आली होती. फकिराच्या पोरांना शेजारी सोडून, चांगलं लुगडं नेसून, आमच्या पुढच्या बाकावर बसली. दादाशी बोलली नाही, पण त्याच्यासाठी पाण्याची बाटली आणली होती. ती मागं आमच्या बाकावर ठेवली. भामाबाई दाराजवळ उभी होती.

दादाला पुढं बोलावलं. त्यानं सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, कळलं नाही, परत सांगा. त्यानं परत सांगितलं. लिहून घेणाऱ्या बाईंनी परत मान वर केली. ज्या माणसाचं एक अक्षर ह्या शहरात कोणाच्या कानातून सुटत नव्हतं, त्याला चार शब्द तीनदा सांगावे लागले. "मी सांगितलं त्याला. माझ्या बोलण्यावरून त्यानं लावली. त्याची चूक अर्धी धरा."

तेव्हा फकिरा बोलला. पोलिसांच्या मधे उभा होता, दाढी वाढलेली, धरला तेव्हाचाच कंपनीचा शर्ट. वकिलानं त्याला हातानं गप्प बस म्हणलं, तरी बोलला. शांतपणे, शेजाऱ्याला काहीतरी समजावून सांगावं तसं.

"साहेब, तुम्ही म्हणला नसता तरी मी लावलीच असती. मी तुमच्यासाठी फोन केला नव्हता. कोणालातरी सांगायचं होतं, तुमचा नंबर पाठ होता." मग तो न्यायाधीशांकडं वळला. "आणि केबिनमधी माणूस झोपलेला मला दिसला व्हता. दिसल्यावरच मी काडी वढली."

त्याच्या वकिलानं कागद खाली ठेवले. जामीन गेला. पुढं काय होईल ते वकिलाला विचारायची गरजच राहिली नाही. दादाला उद्या ठाण्यात बोलावलंय. तो जाणार आहे, कपड्याची पिशवीही भरून ठेवलीय. पण फकिरानं ते म्हणल्यापासून तो वेगळाच झालाय. इतके दिवस त्याच्याकडं निदान एक होतं, की हे सगळं माझ्या बोलण्यानं झालं. तेही फकिरानं काढून घेतलं. मला म्हणला, "मोने, मी कोण होतो मग?" आई म्हणली, "पाणी पी." इतक्या दिवसांनी तिनं त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

फकिराला व्हॅनकडं नेत होते. भामाबाई त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली. पोलिसांना वाटलं मारेल, त्यांनी हात आडवा केला. आम्ही मागंच होतो, मी सगळं ऐकलं.

तिनं विचारलं, "त्यो जागा झाला का?"

फकिरा म्हणला, "झाला."

"काय म्हणला?"

फकिरानं पहिल्यांदा मान खाली घातली. पोलीस ओढत होता, तो हलेना. म्हणला, "काडी अजून हातातच व्हती. मला बघून म्हणला, थांब, उतरतो."

ती बाजूला झाली. व्हॅन गेली.

आई तिला हाताला धरून घरी घेऊन आली आहे. फकिराची पोरं खेळतात त्याच खोलीत ती बसली आहे, आणि मी ओट्यावर बसून तुला हे लिहिते आहे. उद्या दादाबरोबर ठाण्यापर्यंत मी जाईन. वहिनी, तू येऊ नकोस. मी लिहीत राहीन.

मोनिका